एका कॉम्प्युटरची वाटणी

"हात मोडून गळ्यात बांधीन," हे काकीचं स्वागताचं वाक्य. तुमच्या इमारतीतही अशी एखादी असेल. मुलुंडला आमच्या समोरच्या दारात राहणारी ही मालवणी बाई दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सर्वांना ते ऐकवायची आणि पाठीत धपाटा घालून चहाला बसवायची. चेअरमनना तो एकदा प्रास्ताविक चालू असतानाच बसला. सभा लवकर आटोपली.

तिच्या दोन मुलांत मिळून नवा कॉम्प्युटर आला. थोरल्याला हिशेबाच्या कामासाठी विंडोज हवं होतं, धाकट्याला शिकायला लिनक्स. धाकट्याने सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर भाषण दिलं, थोरल्याने घरच्या जबाबदारीवर. दोन्ही एकाच यंत्रात नांदू शकतात, असं मी बोलून गेलो आणि काम माझ्याच गळ्यात पडलं.

मी डिस्कचे दोन भाग करत होतो तेव्हा काकी शेजारी पाट घेऊन बसली होती. "रेघ सरळ मार हां. वीतभर हय-थय नको." गावी बांधाच्या वीतभर जागेवरून तिच्या नवऱ्याने सख्ख्या भावाच्या खांद्यावर कोयता घातला होता. दीर वाचला, पण दोन घरं कायमची तुटली. आपल्या मुलांचं तसं होऊ नये, एवढीच तिची धास्ती.

भाग समान पडले. मशीन सुरू केलं तर पडद्यावर दोन नावं आली. वर लिनक्स, खाली विंडोज. काही निवडलं नाही तर वरचं आपोआप उघडणार.

"याचं वर का?" थोरल्याने विचारलं.

ते बदलता येतं, असं मी सांगत होतो. ऐकणारं कोणी नव्हतं.

"घर मी चालवतो, कळलं ना?"

"मग काय, रोज पाया पडू तुझ्या?"

थोरल्याने कॉलर धरली. धाकट्याने त्याचं डोकं कपाटावर आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं, आणि थोरल्याच्या हाताला टेबलावरचा माझा स्क्रूड्रायव्हर लागला. तो त्याने धाकट्याच्या गळ्याशी नेला.

काकी उठली. तिने वायरी उपटल्या, सीपीयू छातीशी धरून गॅलरीत नेला. खाली कोणी नाही ना, हे वाकून पाहिलं आणि तिसऱ्या मजल्यावरून सोडून दिला.

त्या आवाजाने स्क्रूड्रायव्हर खाली आला.

"ता फुटांदे," ती म्हणाली. "तुमच्या बापाशीन केल्यान ता माका परत बघूचा नाय."

काकी आता नाही. मला आठवते ती त्या दुपारची. खाली धाकटा तुकडे वेचत होता. थोरला एका हाताने भुवईवर रुमाल दाबून दुसऱ्या हाताने पोत्याचं तोंड उघडं धरून उभा होता. वर काकी गॅलरीचा कठडा धरून दोघांकडे बघत होती. मी खुर्ची पुढे केली. दोघं जिना चढून वर येईपर्यंत ती बसली नाही.