दादाची प्लॅटिनमची नाणी

दादाची नजर अधू झाल्यापासून मी दर रविवारी मुलुंडहून बोरिवलीला जायचे. आठवडाभर वर्गात बोलून घसा बसलेला असायचा, त्यात घोडबंदर रोडवर बस रखडायची. पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

दादा साकीनाक्याच्या एका कारखान्यात होता. भट्टीचं तापमान मोजायच्या यंत्रात प्लॅटिनमची केसासारखी तार बसवायचं त्याचं काम. हा धातू कधीतरी भरीव तुकड्याच्या रूपात हातात यावा, एवढीच त्याची हौस. मग परदेशी टांकसाळी खास प्रसंगांसाठी काढतात ती प्लॅटिनमची नाणी तो एकेक करून जमवू लागला. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत बंद. बोट लागलं तर आरशासारख्या पृष्ठभागावर डाग पडतो, म्हणून डबी तो कुणालाच उघडू देत नसे. एकदा वहिनीने डबी उघडून एक नाणं पदराने पुसलं, तर हा तिच्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता.

आता त्याला कडेकडेचं दिसे, मधलं नाही. मी भिंग घेऊन प्रत्येक नाण्यावर काय आहे ते सांगायचं, आणि त्याने चुका काढायच्या.

"जहाज आहे."

"शिडं कशी आहेत?"

"फुगलेली."

"कुठल्या बाजूला? नीट बघ गो."

तीच नाणी, तेच प्रश्न. एका रविवारी मी भिंग खाली ठेवलं. "दादा, मी दमले रे. मला नाही होत आता."

त्याने समोरची डबी चाचपून हातात घेतली. तो रागावेल असं वाटून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. डबी माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "उघड ती डबी."

माझ्याने उघडवेना. वहिनीने नख घालून ती उघडली आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. तो अंगठा फिरवायला लागला.

"डाग पडेल," मी म्हटलं.

"पडू दे. बघायचंय कुणाला?"

बराच वेळ अंगठा फिरत राहिला. "खाली लाटा आहेत," तो म्हणाला. "तू लाटा कधीच सांगितल्या नाहीस."

मी पुन्हा बघितलं. खरंच होत्या, अगदी बारीक.

त्या दुपारी वहिनीने सगळ्या डब्या उघडल्या. इतकी वर्षं जपलेल्या चकाकीवर एकामागून एक बोटांचे ठसे उमटले. मला वाईट वाटत होतं. वहिनीने मात्र रिकाम्या डब्या पिशवीत भरल्या आणि चहा टाकला.

पुढच्या रविवारी मी सवयीने खुर्ची ओढून बसले, तर दादा म्हणाला, "तू पड जरा. आवाज बसलाय तुझा." तो खिडकीशी नाणी चाचपत बसला आणि मी दिवाणावर आडवी झाले. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगावर कुणीतरी चादर घातली होती, आणि निघायची इच्छाच होत नव्हती.