टायरमधलं लिंबू

नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीची चाकं मी अंगणात धूत होते. नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून कपडे धुतलेलं पाणी बादलीत घेतलं होतं. टायरच्या खाचेत ब्रश फिरवताना लिंबाची चपटी साल निघाली. तिला कुंकू लागलं होतं. म्हणजे नजर लागू नये म्हणून कुणीतरी गाडी लिंबावरून नेली होती.

आणि हे आमच्या घरात? वडिलांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटली. वाचायला येण्याआधी मी त्या पत्रकांच्या घड्या घालायला शिकले.

"पप्पा, हे काय?"

"पाचोडच्या बाजाराला गेलो होतो ना. तिथं लई लिंबं पडलेली असतात."

"कुंकू लावलेली?"

ते काच पुसत राहिले. आई दारातूनच म्हणाली, "माझ्याकडं बघू नको बाई. मी गाडीला हातबी लावला नाय."

मी उरलेली चाकं तपासली. प्रत्येकात साल होती. बाजारातली लिंबं अशी चारही चाकांखाली नेमकी येत नाहीत.

"मग ती पत्रकं कशाला वाटली?" मी ओरडले.

"तेव्हा तू गाडी चालवत नव्हतीस," ते हळूच म्हणाले.

साली मी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी कामाला निघताना, चावी लावण्याआधी, मी वाकून चारही चाकांखाली पाहिलं.