सत्काराची ताडपत्री

नवी ताडपत्री उलगडली की जो उग्र वास सुटतो, त्याने मला काकांचा सत्कार आठवतो. रिठदच्या बाजूला आमचं गाव. काकांना प्रगतिशील शेतकरी म्हणून शाल मिळणार होती, आणि मंचावर सावली हवी म्हणून मंडळींनी त्यांच्याच सोयाबीनच्या गंजीवरची नवी कोरी ताडपत्री काढून आणली होती. मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी येणार होतं. तोवर सगळा हंगाम शेतात उघडा पडला होता. प्रमुख पाहुणे बदलत्या हवामानावर बोलत असताना पश्चिमेकडे आभाळ काळं होत गेलं. काका हार घालून खुर्चीत ताठ बसले होते, पण त्यांची नजर पाहुण्यांकडे नव्हती. तेवढ्यात बायकांमधून काकू उठली आणि थेट मंचाशी आली. "अवो, उठता का? तिकडे सोयाबीन सडन." "काकू, पाच मिनिटं थांबा, सायेब बोलून राह्यले," एक कार्यकर्ता म्हणाला. "मंग ढगालेही सांग थांबाले." काका उठले, खुर्चीवर चढले आणि दोर सोडू लागले. पाहुण्यांचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. आम्ही ताडपत्री घेऊन शेताकडे पळालो. ती गंजीवर ओढतो न ओढतो तोच पाऊस आला आणि वाऱ्याने तिचं एक टोक उडू लागलं. जवळ दगड दिसेना, तेव्हा काका स्वतःच त्या टोकावर बसले. "हार तरी काढा," काकू म्हणाली. "राहू दे," काका म्हणाले, "तेवढंच वजन." त्यानंतर सत्काराला दिलेली उत्तरं मी पुष्कळ ऐकली, इतक्या थोडक्यात आटोपलेलं एकही नाही.