रत्नपालच्या सहा सायकली

वारंगा फाट्यावर रत्नपालचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पस्तीस वर्षं त्यानं पंक्चरं काढली, वाकडी चाकं सरळ केली. पण कळमनुरीच्या सोमेश्वर सरांनी आणलं तसं काम त्याच्या हाताला कधी लागलं नव्हतं. सरांच्या मंडळाला दुसऱ्या महायुद्धातल्या सायकलस्वार शिपायांची फेरी काढायची होती, फाटा ते कळमनुरी, त्या काळच्या सायकलींवर. रत्नपालचा आजा त्या लढाईत ब्रह्मदेशात सायकलवरून निरोप पोचवायचा. म्हणून तो जीव लावून कामाला भिडला. भंगारातून सांगाडे आणले, दांड्यांचे ब्रेक बसवले, चाकांतले छर्रे बदलले, मातकट हिरवा रंग दिला. चार महिन्यांत सहा सायकली उभ्या राहिल्या.

फेरीच्या सकाळी सहा जण खाकी कपड्यांत आले. घंट्या वाजवल्या, फोटो काढले आणि सायकली टेम्पोत चढवल्या.

"सर, चालवायच्या न्हाईत का?" रत्नपालनं विचारलं.

"ऊन फार आहे. कळमनुरीच्या अलीकडं उतरवू. तुम्हीपण चला."

वेशीजवळ उतरल्यावर एकानं कपाळाला पट्टी बांधून तिच्यावर टोमॅटो सॉस ओतला. दुसरा रस्त्यात आडवा पडला आणि जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करू लागला. बाकीचे हसत व्हिडिओ काढत होते. "पुन्हा मर, नीट आलं न्हाई," त्यांच्यातला एक म्हणाला. सॉसवर माशा बसल्या. रत्नपालनं तोंड फिरवलं. या सोंगासाठी आपणच त्या सायकली इतक्या देखण्या केल्या, याची त्याला जास्त किळस आली.

कळमनुरीत पोचल्यावर सभेत सरांनी त्याच्या हाती माईक दिला. "आजोबांच्या शौर्याबद्दल दोन शब्द बोला."

"आज्याला हगवण लागली होती," रत्नपाल म्हणाला. "तशातच सायकल हाणायचा. चड्डी वाळायची न्हाई. एकदा पायवाटेत त्याच्याच पलटणीतला माणूस मरून पडलेला. दोन्ही बाजूंनी दलदल. आज्यानं त्याच्यावरून चाक नेलं. मग नदीवर बसून ते चाक धुतलं. घरी आल्यावर मरस्तोवर सायकलवर बसला न्हाई."

पुढच्या रांगेतल्या बाईंनी नाकाला पदर लावला. सरांनी हसत माईक काढून घेतला आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकली. रत्नपालनं तिची घडी केली, टेबलावर ठेवली आणि एसटीनं घरी आला.

त्याच्या बायकोनं, शिलानं, टमाट्याची भाजी वाढली. त्यानं ताट सरकवलं आणि घडलं ते सांगितलं.

"एवढ्या लोकांम्होरं हगवणीचं बोललात?" तिनं विचारलं.

"तेवढंच खरं बोललं गेलं तिथं."

तिनं ताट उचललं आणि ताक-भाकर आणून ठेवली.

पुढच्या वर्षी सरांचा माणूस निरोप घेऊन आला, आणखी सहा सायकली पाहिजेत. रत्नपाल चेन बसवत होता. "दुसरा मिस्त्री बघा," त्यानं मान वर न करता सांगितलं.