चौथा सुरुंग

सावरखडकच्या खदानीत सुरुंग लावणारे तिघे होते, पण अवघड जागा आली की मुकादम डोमाजी तायड्यालाच हाक मारायचा. पातूरच्या डोंगराच्या पायथ्याला ही खदान. रेल्वेच्या रुळांखालची गिट्टी तिथून जायची. पहारीनं काळ्या खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि ‘हुशाऽऽर’ ओरडत पळायचं, हे काम डोमाजी बारा वर्षं करत होता. त्याच्या दोन्ही हातांची दहाही बोटं शाबूत होती, आणि खदानीत ही मोठी गोष्ट समजली जायची.

छप्पन साली त्याच्या पुऱ्यातली, म्हणजे गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, सगळी घरं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. तोवर पुऱ्यातल्या बाया गावाच्या विहिरीपासून चार हात लांब घागर घेऊन उभ्या राहायच्या. वरच्या जातीतल्या कुणा बाईला दया आली तर ती लांबूनच घागरीत पाणी ओतायची. दीक्षेहून परतल्यावर डोमाजीची बायको मैना म्हणाली, “आता मी तठी हात पसरायले जात नाही. मेली तरी नाही.” पुढच्या उन्हाळ्यात पुऱ्यानं स्वतःची विहीर खोदली. दिवसा खदानीत राबायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा कुदळ हातात घ्यायची. बायांनी माती उपसली, म्हाताऱ्यांनी दगड वाहिले. पंचविसाव्या हातावर पाणी लागलं. इतकं गोड, की पहिल्या दिवशी माणसं तहान नसताना पीत होती.

बासष्ट साली खदानीच्या कंपनीनं ठरवलं, की आपण या गावाचा दगड नेतो, तर गावासाठीही काही करावं. शाळेला दोन खोल्या, नाल्यावर फरशी पूल आणि एक पक्की विहीर. ओव्हरसियर केशवराव चावडीवर येऊन हे वाचून गेले. पुण्याकडचा माणूस, स्वभावानं सरळ, पण घाईचा. विहिरीसाठी गावातले मोठे शेतकरी खुशालराव यांनी आपल्या भाजीमळ्याच्या कडेची जागा दिली. ती जागा पुऱ्याच्या विहिरीपासून दीडशे पावलांवर होती. पुऱ्यातल्या कुणाला कुणी काही विचारलं नाही, आणि पुऱ्यातही कुणाला ते खटकलं नाही. गावाचं भलं होऊन राहिलं होतं, त्यात काय विचारायचं?

वीस हातांखाली अख्खा पाषाण लागला तेव्हा केशवरावांनी डोमाजीला बोलावलं.

“सुरुंग तूच लावायचे. हे कंपनीचं गावासाठीचं काम आहे, चूक चालणार नाही.”

“चूक नाही होनार साहेब,” डोमाजी म्हणाला. आजवर त्यानं दगड फोडला होता तो दूरच्या रुळांसाठी. हा पहिलाच सुरुंग गावासाठी होता. त्या दिवशी तो घरी जरा ताठ चालत आला.

तीन सुरुंगांत विहीर पस्तीस हात खाली गेली, पण नुसता ओलावा. चौथ्याला त्यानं भोकं तिरपी घेतली आणि दारू नेहमीपेक्षा जास्त ठासली. बार उडाला तशी पायाखालची जमीन हलली. धूर निवळल्यावर माणसं काठावर धावली, आणि कुणीतरी किंचाळलं, “पानी! अबे पानी!” तळाच्या कपारीतून मनगटाएवढी धार उसळत होती. खुशालरावांनी स्वतः डोमाजीच्या कपाळाला गुलाल लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाचा हात डोमाजीच्या अंगाला लागला होता.

तो गुलाल तसाच घेऊन तो घराकडे निघाला. पुऱ्याच्या विहिरीवर बाया गोळा झालेल्या दिसल्या. त्याला वाटलं, बातमी आधीच पोहोचली. पण कुणी बोलत नव्हतं. मैना दोर सोडत होती. दोर सरसर जात राहिला, जात राहिला, आणि खाली बादली दगडावर आपटल्याचा कोरडा आवाज झाला. मैनेनं दोर वर ओढून पुन्हा सोडला. पुन्हा तोच आवाज.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

मैनेनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिची नजर त्याच्या कपाळावर थांबली. “सकाळी धा हात पानी होतं. तुमचा बार उडाला, अन्‌ आतमधून गडगड आवाज आला. आमी पाहून राहिलो होतो. पाहता पाहता उतरलं. कोनी पिऊन टाकल्यावानी.”

डोमाजीनं डोकं आत घातलं. तळाशी चिखल चकाकत होता आणि दोन बेडूक उताणे पडले होते. तो विहिरीच्या दगडाला धरून खाली बसला. शेजारची म्हातारी भागीरथा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “बापा, तू मुद्दाम थोडीच केलं?” ते ऐकून तो जास्तच हादरला. म्हणजे ज्याला तो अजून मनाशी नाही नाही म्हणत होता, ते सगळ्यांना कळलं होतं.

संध्याकाळी तो दोराला धरून खाली उतरला. पूर्वेच्या बाजूला, जिथून झरा यायचा, तिथं खडकाला बोटभर रुंद नवी चीर पडली होती. तिला कान लावला तर आत, दूर, खळखळ ऐकू आली. त्यांचं पाणी गेलं नव्हतं. ते फक्त नव्या विहिरीकडं निघालं होतं.

सकाळी तो केशवरावांपुढे उभा राहिला. त्यांनी आधी ऐकूनच घेतलं नाही.

“अरे, उन्हाळा आहे. आटली असेल.”

“एका घटकेत आटते का साहेब? तुमी आमच्या विहिरीत खाली चला. तिकडच्या विहिरीत मानूस उतरवा, पहार मारायले लावा. इकडं कान लावा. नाही ऐकू आलं त मले कामावरून काढा.”

केशवराव खाली उतरले. विजार चिखलानं भरली, चष्म्यावर शिंतोडे उडाले. त्यांनी चिरेला कान लावला. दीडशे पावलांवरून, पाषाणाच्या पोटातून, ठण्‌ठण्‌ आवाज आला, शेजारच्या खोलीत कुणी खिळा ठोकावा इतका स्पष्ट. केशवरावांचा चेहरा पडला.

वर आल्यावर मात्र ते म्हणाले, “शुक्रवारी तहसीलदार येणार आहेत उद्‌घाटनाला. आता काय करणार? आणि नवी विहीर गावाचीच आहे ना? तिथलं पाणी भरा.”

डोमाजी खुशालरावांकडे गेला. ते मळ्यात वांगी तोडवून घेत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “कोन नाही म्हनते? सारं गाव भरन. फक्त जरा रीतीनं. आमच्या बायांचं झालं, की तुमच्या बायांनी तिकडं उभं राहाचं. गडी देईन ओतून.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचाच डोमाजीला धक्का बसला. जे सहा वर्षांपूर्वी मागं टाकून आलो असं वाटलं होतं, ते होतं तिथंच होतं, आणि पुऱ्याला ओढून त्यापुढे त्यानंच उभं केलं होतं. घरी येऊन त्यानं मैनेला सांगितलं. तिनं रिकामी घागर उचलली आणि नाल्याची वाट धरली. चार दिवस पुऱ्यातल्या बाया कोसभर लांबून, नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी आणत होत्या.

शुक्रवारी नव्या विहिरीला आंब्याचं तोरण बांधलं होतं. तहसीलदार बोलले, केशवराव बोलले. मग केशवरावांनी कागद पाहून नाव घेतलं, “कंपनीचा कुशल कारागीर, डोमाजी तायडे.” फेटा आणि नारळ देऊन सत्कार होता.

डोमाजी पुढे गेला, पण फेट्यासाठी मान वाकवली नाही. आजवर चार माणसांत तो कधी बोलला नव्हता. त्याचा आवाज फाटला.

“साहेब, या विहिरीत आमच्या पुऱ्याचं पानी हाये. म्याच माह्या हातानं इकडं आनलं. आमी ते नखानं खोदलं होतं. आता मले फेटा कायचा बांधता?”

खुशालराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. तहसीलदारांनी केशवरावांकडे वळून विचारलं, “हा काय म्हणतो आहे?”

केशवरावांनी हातातल्या कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. कंपनीचे मोठे साहेब पहिल्या रांगेत होते. डोमाजीला खात्री होती, हा माणूस आता नाही म्हणणार.

“खरं आहे, साहेब,” केशवराव म्हणाले. “मी स्वतः खाली उतरून ऐकलं. चूक माझी आहे. जागा ठरवताना मी त्यांची विहीर पाहिलीसुद्धा नव्हती.”

कुणी काही बोलायच्या आत मागून घागरींचा आवाज आला. मैना पुढे, तिच्यामागे भागीरथा, आणि पुऱ्यातल्या अठरा बाया. डोमाजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मैना सरळ तोरणाखालून गेली, रहाटावरची कोरी बादली तिनं खाली सोडली, भरून ओढली आणि आपल्या घागरीत ओतली. गर्दीतून एक बाई “अवो माय!” एवढंच म्हणाली. तहसीलदार उठून उभे राहिले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की विहीर सार्वजनिक आहे, आणि कुणी हिला हटकलं तर कायदा काय आहे ते आपण इथंच वाचून दाखवू. कुणी हटकलं नाही. पण त्या दिवशी पुऱ्यातल्या बायांशिवाय कुणी पाणीही भरलं नाही.

पुढं महिनाभर वरच्या जातीतल्या बाया नव्या विहिरीकडे न फिरकता गावाच्या जुन्या विहिरीचा गाळच ढवळत राहिल्या. मोठ्या साहेबांनी केशवरावांना पुष्कळ सुनावलं म्हणे, पण पावसाळ्याआधी कंपनीनं नव्या विहिरीवर तेलाचं इंजन बसवलं आणि पुऱ्यात सिमेंटची टाकी बांधून नळ आणला. पुऱ्याचं पाणी पुऱ्यात परत आलं, जरा तेलकट वासाचं. पुऱ्यानं खोदलेली विहीर मात्र परत भरली नाही.

खुशालराव डोमाजीशी पुढं कधी बोलले नाहीत. खदानीत त्याचं काम सुरू राहिलं. दोन वर्षांनी कंपनीनं बार्शीटाकळीकडच्या एका गावात दुसरी विहीर काढायला घेतली आणि केशवराव त्याला जीपमधून घेऊन गेले. भोकं पाडून तयार होती. डोमाजीनं दारूच्या पेटीला हातच लावला नाही.

“इथं पुरा कोन्या अंगाले हाये?” त्यानं विचारलं.

“डोमाजी, उशीर होतोय.”

“होऊ द्या. पयले त्याइच्या घरी जाऊ, त्याइले इचारू, मग वात लावू.”

केशवरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि त्याच्यासोबत चालू लागले. पहिल्याच घरासमोर जयवंता नावाची एक बाई गोवऱ्या थापत होती. साहेबाला दारात पाहून ती दचकून उभी राहिली, शेणाचे हात मागं लपवले.

“घाबरू नको बाई,” डोमाजी खाली बसत म्हणाला. “तुमी पानी कुठून आनता, तेवढं सांग.”