दुसऱ्याच बोर्डावर चाललेली हार्ड डिस्क

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उमरग्यात हायवेला लागून माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. ‘आपोआप बंद पडलं’ म्हणत आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या हातानंच बिघडलेली निघते, हा माझा अनुभव. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

मागच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याचे मेहबूबचाचा एक हार्ड डिस्क घेऊन आले. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात शेजारच्या सास्तूरची घरं गेली, तसे घरातले फोटोही गेले. तेव्हा तरुण असलेले चाचा गावोगाव पाहुण्यांकडं फिरले, लग्नातले ग्रुप फोटो गोळा केले आणि त्यातून गेलेल्या माणसांचे चेहरे वेगळे काढून घरोघरी फ्रेम करून दिल्या. निगेटिव्ह पुढं बुरशीनं गेल्या. स्कॅन करून ठेवलेलं सगळं या एका डिस्कवर होतं, आणि चाचांनी चुकून तिला लॅपटॉपचा अडॅप्टर लावला. डिस्कच्या पाठीवरचा सर्किट बोर्ड जळून काळा!

सोबत सास्तूरच्या गोदामावशी होत्या. त्यांच्या भिंतीवरचा भावाचा फोटो ओल लागून पुसला होता, तो परत काढून हवा होता.

“फोटो भावाचा हाय,” त्या म्हणाल्या, “पर त्याच्या खांद्यावर हात हाय न्हवं, त्यो माज्या आईचा. आईचं तेवढंच ऱ्हायलंय.”

ग्रुप फोटोतून भावाचा चेहरा कापताना कडेला राहून गेलेला हात...

हैदराबादहून त्याच मॉडेलची जुनी डिस्क मागवली, तिचा बोर्ड काढून या डिस्कला लावायला. पण नुसता बोर्ड बदलून भागत नाही. प्रत्येक बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढी एक आयसी असते, तिच्यात फक्त त्याच डिस्कची माहिती असते. जळक्या बोर्डावरची ती आयसी काढून नव्यावर बसवली तरच डिस्क उघडते, नाहीतर नुसती टकटक करत बसते. मागवलेली डिस्क आली त्या दिवशी दुपारची वेळ, दोघंही समोर बसलेले. आयसी हलवायच्या आधी, मोटर फिरते का एवढंच बघायला मी नवा बोर्ड बसवून करंट दिला.

डिस्क उघडली.

स्क्रीनवर सास्तूरचं फोल्डर! चाचांनी बोट दाखवलं, मी क्लिक केलं – पांढऱ्या शर्टातला पोरगा, आणि त्याच्या खांद्यावर बांगड्या भरलेला हात. मावशींनी पदर तोंडाला लावला.

“आधी सगळं उतरून घे बेटा,” चाचा म्हणाले.

आणि इथं माझी अक्कल आडवी आली. आयसी तर अजून जळक्या बोर्डावरच होती. मग हे चालतंय कसं? चुकीच्या बोर्डानं आतली तबकडी खरवडली तर? खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. “पाच मिनिटं थांबा चाचा, नीट करून घेतो,” म्हणालो आणि करंट बंद केला.

रीतसर आयसी हलवली. टकटक. आयसी परत बदलून, आधी होती तशी करून लावली. टकटक. शेवटी पुण्याच्या एका लॅबला पाठवली. तिथला माणूस म्हणाला, “या बोर्डावर ही उघडणं शक्यच नाही, तुम्ही दुसरी कुठली तरी डिस्क बघितली असेल.” अहो, तिघांनी बघितली!

चाचा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. लोक फोटो मागायला येतात तेव्हा ‘माझ्या हातून जळालं’ म्हणतात, माझं नाव काढत नाहीत. ते मला जास्त लागतं. मावशी मात्र म्हणाल्या, “म्या बघत व्हते की रं. बंद कशाला केलास?”

अजूनही बाजाराला आल्या की त्या दुकानात येऊन स्टुलावर बसतात. “लावून बघतूस का?” मग मी परका बोर्ड, परकी आयसी, सगळं त्या दिवशीसारखं जोडतो. जाणत्या मेकॅनिकनं करू नये ते करतो. टकटक ऐकू आली की त्या पिशवी उचलतात, “बरं, फुडच्या बाजारी,” म्हणतात आणि जातात.

त्या दुपारी ती कशी चालली, मला आजवर कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा. ती पुन्हा चालणार नाही, हे मावशींना सांगणं काही माझ्याच्यानं होत नाही.