उंबरठ्यावरचं मुकं बोट

झुलालनाना नोकरीभर विजेच्या मीटरचे आकडे घेत फिरला. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी तो दारात दिसला की बाया आजही आतूनच ओरडतात, "नाना, बिल भरेल शे!"

चाळीसगावजवळच्या आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. पहिल्या महायुद्धावर या गावातून अकरा जण गेले, पैकी दोन मेले, एवढंच त्यावर कोरलंय. कोण ते दोन, ते नाही. नानाला हेच खुपलं. एक नाव त्यानं एका घरातल्या पितळी बिल्ल्यावरून शोधलं. दुसरं सहा वर्षं सापडेना. त्याची बायको कुंदाबाई म्हणायची, "जित्या बायकोशी दोन शब्द बोलत नाहीत, अन् मेल्यांची चौकशी गावभर!" तिचं तरी काय चुकत होतं म्हणा.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, अख्खं गाव पत्ते कुटत होतं आणि नाना लोकांचे उंबरठे वाचत फिरत होता. त्या दिवशी पितरांना जेवायला बोलावताना आपल्याकडे उंबरठ्यावर कुंकवाची बोटं उठवतात, एका बोटाला एक नाव. मेलेल्यांची इतकी चोख हजेरी दुसरं कोण घेतं?

ऊन असं, की घरं पाण्यात सोडल्यासारखी हलत होती. कुठूनतरी झोक्यावरच्या पोरींचं गाणं जवळ यायचं, लांब जायचं. नाना अर्धवट झोपेतच तानुबाईच्या दाराशी पोचला. पंच्याऐंशीची म्हातारी बोटं उठवत होती, तिचा मुलगा नवल नावं घेत होता. सात नावं झाली, नवल थांबला. म्हातारीनं आठवं बोट उठवलं. मुकाट्यानं.

"अक्का, हे कोणाचं?"

"पलटनवाला बा नं."

"नाव?"

"तू तुनं मीटर देख!"

नवलनं सांगितलं, हा त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ. लग्नाला वर्ष झालं नाही तोच पलटणीत गेला, परत आला नाही. मूलबाळ नाही. बायकोनं साठ वर्षं याच घरात काढली. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? म्हणून ती बोट मुकंच उठवायची. बाकीचे हळूहळू विसरले.

"मरताना एकदाव लिधं तिनी," तानुबाई म्हणाली. "मना कानमा. माले संभाळाले दिधं, सांगाले नही."

"आणि तू गेलीस म्हणजे, अक्का?"

म्हातारीनं कुंकवाची वाटी जवळ ओढली.

नानानं खिशातून कागद काढला. त्या युद्धात मेलेले पाच खानदेशी शिपाई, सरकारी यादीत गावाची जागा कोरी असलेले. पोरींच्या झोक्याच्या लयीत तो एकेक नाव सोडू लागला.

"गोबा... उखा... झिपरू..."

तानुबाई ढिम्म.

"सुपडू."

म्हातारीचा हात डोक्यावर गेला. पदर कपाळावर आला, मग नाकापर्यंत उतरला. सासरा दारात उभा राहिल्यावर नवी सून ओढते, तसा.

पाचवं नाव नानानं वाचलंच नाही.

"सुपडू बा?" नवल ओरडलाच.

पदराआडून आवाज आला, "हाळू ले रे. शंभर वरीस झोपेल शे तो."

नवलनं ते हळू घेतलं. म्हातारीनं कुंकवात बोट बुडवून त्याच ठिपक्यावर पुन्हा टेकवलं.